तीन बोटं अलीकडे

धान कापून झाला की आमच्या भंडाऱ्याच्या हवेला एक वास येतो. ओलसर, किंचित आंबूस, तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, आणि शेतातल्या मोकळ्या झालेल्या बांध्यांचा. तो शेतातून निघतो, वैनगंगेवरून येताना थोडा गार होतो आणि शहरात राहणाऱ्यांनाही सकाळी सकाळी आपण मुळात कुठले याची आठवण करून देतो. शेती भावाच्या हवाली करून पिढी उलटलेली माणसंही मग चहाच्या टपरीवर उगाच विचारतात, औंदा पिकलं कसं? उत्तर ऐकायला मात्र थांबत नाहीत.

हे मंडईचे दिवस. बाकीच्यांची दिवाळी भाऊबीजेला संपते. आमच्याकडे ती तिथून गावोगाव हिंडायला निघते. आज या गावची मंडई, उद्या त्या. सकाळपासून पाहुणे, दुपारी बाजार आणि दंडारीचा नाचगाण्याचा खेळ, रात्री मंडपात नाटक. लेकी माहेरी येतात. आलेल्या लेकीला पाहून शेजारच्या बाया तिची तब्येत, तिची साडी आणि तिचा नवरा या तिन्हींबद्दल स्पष्ट मत देतात. माझ्याबद्दलची मतं वर्षागणिक अधिक स्पष्ट होत गेली आहेत.

यंदा तो वास आला तेव्हा मी दारात गाडी पुसत होतो. फडकं स्टिअरिंगच्या चाकावरून फिरत फिरत मागे त्याच्या मानेशी आलं आणि तिथेच रेंगाळलं. त्या जागी पितळ आहे. भंडारा पितळी भांड्यांचं गाव; पितळ दिसलं की इथल्या माणसाचा हात आपोआप जोर लावून घासू लागतो. पुढे मोटार असो की पाण्याचा गुंड. घासता घासता मागचा कार्तिक डोळ्यांपुढे आला तो गेलाच नाही. गाडी अर्धी कोरडी, अर्धी ओली तशीच राहिली.

गाडीबद्दल सांगायला हवं. ती लाल आहे, दोन दारांची आहे, आणि इतकी बुटकी आहे की तिच्यात बसत नाहीत, उतरतात. पंचविसेक वर्षांपूर्वी कुणीतरी हौसेनं बाहेरदेशातून आणवलेली ही शर्यतीच्या जातीची गाडी फिरत फिरत नागपूरच्या माझ्या मावसभावाकडे आली. त्याला मुलं झाली, मुलांना शाळा झाली, आणि दोन माणसं व एक पिशवी एवढाच संसार मावणारी गाडी त्याला अडचणीची झाली. आमच्याकडे तेव्हा एक पांढरी, चार दारांची, अगदी गुणी गाडी होती. मंदा, म्हणजे माझी बायको, ती चालवायची. मावसभाऊ म्हणाला, अदलाबदल करू. आणि शाळेत भूगोल शिकवणारा, पन्नाशी ओलांडलेला, रक्तदाबाची गोळी घेणारा मी हो म्हणून बसलो. लाल रंगाचं काय होतं कोण जाणे. बैलाला तो दिसत नाही म्हणतात, मास्तरांना दिसतो.

मंदा पहिल्या दिवशी गाडीभोवती एक फेरी मारून आली आणि एवढंच म्हणाली, "शहानी पोरगी देऊन येडी सून आनली तुमी."

या सुनेचं आणि माझं कधी जमलं नाही हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं. मावसभाऊ ताडमाड. गाडी बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढेही तसाच कुणीतरी असणार. माझे हात आखूड आहेत. शाळेतल्या फळ्याचा वरचा भाग माझ्या तासाला कधी वापरला गेला नाही. हिमालय मी विंध्याच्या उंचीवर काढत आलो. पाय हातांना शोभतील असेच. सीट मागे ठेवली की क्लच पोचेना आणि पुढे घेतली की पोट चाकाला टेके. शेवटी पाठीशी लोड ठेवून, पोट आणि चाक यांच्यात एखादं वर्तमानपत्र सरकेल इतकी जागा राखून मी चालवायचो. नव्या गाड्यांत म्हणे स्टिअरिंगचं चाक पुढेमागे करता येतं. एक खिट्टी सोडली की ते छातीशी येतं किंवा दूर जातं. आमच्या सुनेला फक्त वर-खाली मान हलवता येते. पुढे येणं तिच्या स्वभावात नाही.

तरी ती माझी गंमत होती. गरज नव्हती. गरज नंतर आली.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात मंदाच्या उजव्या छातीतली गाठ काढली, काखेपर्यंत चिरून. सगळं वेळेत झालं, डॉक्टर चांगले भेटले, पावसाळाभर औषधपाणी आणि नागपूरच्या खेपा झाल्या, आणि आम्ही त्यातून बाहेर आलो. हे सगळं एका वाक्यात सांगता येतं हेच मला अजून नवल वाटतं. घरी आल्यावर तिचा उजवा हात मात्र एका ठरावीक उंचीवर जाऊन थांबायचा. कुणीतरी हवेत आडवी काठी धरावी तसा.

घर हळूहळू खाली उतरू लागलं. आधी तिखटमिठाचा डबा वरच्या फळीवरून मधल्या फळीवर आला. मग चहासाखर. मग देवघरातली तेलाची बाटली. अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी एक दिवस मी खाली बांधली, तर माझा लेंगा जमिनीवर लोळू लागला. तीस वर्षं मी त्या स्वयंपाकघरात जेवलो, पण कुठली वस्तू कुठल्या उंचीवर आहे आणि ती कुणाच्या हाताच्या मापानं तिथे गेली आहे, हे मला कधी दिसलं नव्हतं. भूगोलाच्या मास्तरला घरातले डोंगर पन्नाशीनंतर दिसले.

व्यायाम सांगितला होता. भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटं चालवत चालवत हात वर न्यायचा, पोचेल तिथे खूण करायची. आमच्या मागच्या खोलीच्या भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा वाढू लागल्या. वाढत्या लेकराची उंची मोजावी तशा. काही दिवस नवी रेघ जुनीच्या वर यायची, काही दिवस खाली. खाली आली की मंदा ती थुंकी लावून पुसायची आणि मला वाटायचं की मी ते पाहिलं नाही असं तिला वाटतंय. दोघांचं असं बरं चाललं होतं.

लाखांदूरकडे तिचं माहेर आहे. तिथे माय आहे, म्हणजे माझी सासू. ऐंशीच्या घरातली, शेंगदाण्यासारखी सुरकुतलेली आणि तशीच कडक. आजाराचं मायला अर्धंच सांगितलं होतं. गाठ होती, काढली, झालं. पण म्हाताऱ्या माणसाला अर्धी गोष्ट सांगितली की उरलेली अर्धी ती स्वतः रचते, आणि ती नेहमी जास्त भयंकर असते. माय रोज संध्याकाळी फोन करायची. काय खाल्लं विचारायची, आणि शेवटी ठरलेला प्रश्न यायचा, दुखते का. मंदा म्हणायची, नाही व माय, कायी दुखत नाही. मग माय फोन ठेवता ठेवता म्हणायची, मले नाही पटत.

दिवाळीच्या सुमारास माय शेवटी बोलली. फोन मोठ्या आवाजावर होता, म्हणून मलाही ऐकू आलं. "मंडईले ये. पन तुह्या हातानं गाडी घेऊन ये, जशी येत होतीस तशी. मंग मी मानीन का तू बरी हायेस."

पूर्वी पांढरी गाडी चालवत मंदा गावात शिरायची तेव्हा माय ओट्यावर उभी राहायची. बोलायची काही नाही, पण शेजारच्या घरांकडे एकदा नजर फिरवायची. आता ती पांढरी गाडी नागपूरला पोरं शाळेत सोडत होती आणि दारात ही लाल सून बसली होती.

मी म्हटलं, मी नेतो की. एसटीत तुला दांडा धरता येणार नाही, आपल्या गाडीनं जाऊ, मी चालवतो, गावाच्या वेशीवर पाहिजे तर तू बस. मला ही युक्ती फार हुशारीची वाटली होती. मंदा भांडं घासत होती, ते तिनं खाली ठेवलं.

"उन्हाळ्यापासून मले सगळे उचलून इथून तिथं ठेवून राहिले," ती म्हणाली. "डॉक्टर झाले, तुमी झाले. आता मायच्या दारातही तुमी मले उतरवून देसान का?"

मी माझी युक्ती मागे घेतली.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, चालवू द्या, चांगलंच आहे. पण कोपर वाकलेलं राहिलं पाहिजे, हात ताणून धरायचा नाही. आम्ही आनंदानं घरी आलो आणि मंदा पहिल्यांदा त्या गाडीत उजव्या बाजूला बसली. डावा हात गिअरवर सहज गेला. उजवा चाकाकडे निघाला आणि वाटेत थांबला. चाकाच्या कडेला बोटांची टोकं लागत होती, मूठ बसत नव्हती. सीट पुढे घेतली तर गुडघे खालच्या पत्र्याला अडले. मागे घेतली तर चाक लांब. चाक अगदी समोर होतं, पण तीन-चार बोटांपलीकडे. मी आयुष्यात कैक मैल नकाशावर मोजले. एवढं लांबचं अंतर पाहिलं नव्हतं. मंदा उतरली, म्हणजे चढली, आणि आत जाऊन तांदूळ धुवायला लागली.

त्या आठवड्यात मी जिथे तिथे हात पाहत हिंडलो. बँकेतली खिडकी कुणाच्या हातासाठी केली आहे? देवळातली घंटा? एसटीचा वरचा दांडा धरून लोंबकळणाऱ्या म्हाताऱ्या बाया तो कुणाच्या मापाचा म्हणून धरतात? आपण म्हणतो माणसाला सवय होते. सवय म्हणजे काय, तर कुणीतरी अनोळखी माणूस आपल्या आधी येऊन सगळं स्वतःच्या मापानं मांडून गेला, आणि आपण आयुष्यभर खांदा किंचित वर उचलून ते चालवून घेतो. खांदा दुखू लागतो तेव्हा आपण खांद्यालाच नावं ठेवतो.

कारध्याला पुलापलीकडे हमीदभाईंचं गॅरेज आहे. ते खरं तर ट्रकवाले. माझी गाडी आली की दोन ट्रकांच्या मध्ये ती विसरलेल्या चपलेसारखी दिसते. त्यांना अडचण सांगितली. सीटखाली गादी, पाठीला उशी, असे सगळे उपाय त्यांनी सुचवून पाहिले आणि स्वतःच खोडले. मग म्हणाले, चाक सोडून घ्यायचं, त्याच्या आणि दांड्याच्या मध्ये एक जाड कडं घालायचं, लांब आणि मजबूत बोल्टांनी आवळायचं. चाक जेवढं जाड कडं तेवढं अलीकडे येईल. असं कडं मुंबईहून मागवता येतं, पण ते मंडईच्या आत येण्याचा भरवसा त्यांनी दिला नाही. "सर, भंडाऱ्यात राहता तुमी," ते म्हणाले. "खराद मशीनवर एक गोल कडा नाही बनणार का गावात? किती जाड, तेवढं फक्त मले सांगा."

किती जाड हाच प्रश्न होता. मी मंदाला गाडीत बसवलं आणि हातात एक थाळी दिली. ती तिनं चाकासारखी समोर धरायची, हाताला सोपं पडेल तिथे, आणि मी थाळी व चाक यांच्यातलं अंतर मोजायचं. गल्लीतली सगळी पोरंबाळं आणि दोन म्हातारे जमले. लाल गाडीत बसून रिकामी थाळी फिरवणारी मास्तरीणबाई त्यांनी पूर्वी पाहिली नव्हती. मंदा म्हणाली, हं, इथं जमते. थाळी चाकाच्या अगदी जवळ होती, एका बोटाचं अंतर. मला आनंद झाला. मग दिसलं की थाळीची कड थरथरते आहे. ती ताणून धरत होती. लोकांसमोर, माझ्यासमोर, बहुतेक मनातल्या मनात मायसमोरही.

ते माप मी घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओसरीत उन्हात बसून नवे तांदूळ निवडत होती. थाळी मांडीवर टेकलेली, दोन्ही कोपरं अंगाशी सैल, बोटं खड्यांमागे पळताहेत. सगळं लक्ष तांदळात. हात किती लांब आहे हे त्या हाताला आठवतच नव्हतं. मी सुतळी घेतली आणि हळूच तिच्या खांद्यापासून थाळीच्या कडेपर्यंत धरली.

मंदानं मान वर न करता विचारलं, "काय माप घेऊन राहिले जी? येवढ्यात नाही जात मी."

आणि मग आम्ही दोघंही हसलो, त्या विषयावर पहिल्यांदा. तांदूळ सांडले. उन्हाळ्यापासून घरात एक गोष्ट तिसऱ्या माणसासारखी पाय न वाजवता वावरत होती. त्या दिवशी तिला कुणीतरी बस म्हटलं.

सुतळीचं माप गाडीत नेलं. ते चाकाला तीन बोटं कमी पडलं.

बाबूराव आमच्याकडचे जुने पितळवाले. त्यांच्या गल्लीत लहानपणी आम्ही कान झाकून पळायचो इतका ठोक्यांचा आवाज असायचा. आता थोडी दुकानं उरली आहेत आणि आवाज मोजून घेता येतो. पण वास तोच, तापल्या धातूचा आणि चिंचेचा. मी कागदावर आकृती काढून नेली होती. भूगोलाच्या माणसाची आकृती, त्यामुळे कडं बेटासारखं दिसत होतं. बाबूरावांनी ती आदरानं बाजूला ठेवली आणि हमीदभाईंशी फोनवर बोलून घेतलं. मग विचारलं, वापरणार कोण. मी म्हटलं, मंदा. तिच्या हाताचं सगळं सांगितलं, तिच्या माहेरच्या मंडईचंही सांगितलं. ते ऐकत राहिले, म्हणाले, परवा या.

परवा गेलो. कडं फडक्यात बांधून ठेवलेलं होतं. जड, गुळगुळीत, सोन्यासारखं पिवळं, भोकं नेमकी. आणि त्याच्या बाहेरच्या अंगावर, सुरेख वळणदार अक्षरांत, सौ. मंदा, खाली तिच्या माहेरचं गाव.

मी पाहतच राहिलो. बाबूरावांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं. त्यांच्या दुकानातून बाईच्या वापराची वस्तू बिननावाची कधी गेली नव्हती. गुंड असो, गंगाळ असो, परात असो. लग्नाकार्यात भांडी मिसळतात, नाव असलं की ज्याची त्याला परत जातात. मोटारीचं स्टिअरिंग कुठल्या लग्नात मिसळणार होतं, हे त्यांनीही विचारलं नाही आणि मलाही विचारवलं नाही. एवढंच मनात आलं की गाडीची कागदपत्रं माझ्या नावावर आहेत, आणि आता त्यांना कुणी विचारणार नाही.

हमीदभाईंनी ते कडं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "सर, हे मोटारीचं सामान हाय का रुखवताचं?" म्हणाले. पण बसवलं मात्र मन लावून. बोल्ट दोनदा आवळले, हॉर्नची तार लांबवली, चाक दोन्ही हातांनी धरून स्वतः लोंबकळून पाहिलं. गाडी सरळ असली की नाव खाली, उलटं. वळण आलं की ते हळूहळू बाजूनं वर येतं, आणि मोठं वळण असलं तर अगदी सरळ होऊन वाचता येतं.

एक गोष्ट मात्र आम्ही कुणीच धरली नव्हती. चाक तीन बोटं अलीकडे आलं, पण दिव्याची आणि वळणाचा इशारा देण्याची दांडी जिथल्या तिथे राहिली. म्हणजे चाकापासून तीन बोटं मागे गेली. आता इशारा द्यायचा तर मूठ सोडून बोट पार मागे न्यावं लागे. मंदानं चार दिवसांत ते शिकून घेतलं. एखादी गोष्ट जवळ ओढली की तिच्याआडची दुसरी लांब जाते, असं काहीतरी मी मोठ्या गांभीर्यानं म्हणालो. ती म्हणाली, सुविचार शाळेतल्या फळ्यावर लिवा, खाल्तं, हात पोचते तिथं.

मंडईच्या दिवशी सकाळी निघालो. कारध्याच्या पुलावर धुकं होतं. वैनगंगा खाली असावी असं धरून चाललो. मंदाच्या उजव्या हाताचं कोपर वाकलेलं, तांदूळ निवडताना असतं तसं. मी डावीकडे पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. इतक्या वर्षांत ही बाजू मी पाहिलीच नव्हती. रस्ता किती लांबून येतो आणि गतिरोधक किती जवळून, हे तिथेच कळतं.

साकोलीला पोचेतो तिचा हात दुखू लागला. तिनं सांगितलं नाही; गाडी चहाच्या टपरीपाशी जरा जास्तच हळू लावली, त्यावरून कळलं. चहा तिनं डाव्या हातानं घेतला. उजवा मांडीवर, कुणीतरी ठेवून गेल्यासारखा. मी म्हटलं, इथून मी चालवतो, काही बिघडत नाही. तिनं नाही म्हणायच्या आत मी उठलो आणि उजव्या सीटवर उतरलो.

पोट आणि चाक यांच्यात पूर्वी वर्तमानपत्र सरकायचं, हे मी सांगितलं आहे. आता चाक त्याहून तीन बोटं अलीकडे आलं होतं. आत शिरलो खरा, पण श्वास ओढून धरला तरच चाक फिरे. श्वास सोडला की हॉर्न वाजे. एकदा वाजला. पुन्हा वाजला. टपरीवरची माणसं वळून पाहू लागली. एका ट्रकवाल्यानं माझ्यासाठी वाट करून दिली. सीट मागे ढकलली, तर क्लच हाती, म्हणजे पायी, लागेना. मी पुन्हा पुढे आलो आणि गाडी पुन्हा ओरडली.

मंदा आधी तोंडाला पदर लावून हसली, मग पदर सोडून. "लाखांदूरपर्यंत श्वास न घेता याल का तुमी?" तिनं विचारलं. हसणं ओसरल्यावर ती रस्त्याकडे पाहत म्हणाली, परत गेलो तरी चालेल, मायला सांगू गाडी बिघडली. मी हो किंवा नाही काहीच म्हटलं नाही. आयुष्यातलं ते माझं सर्वांत शहाणं बोलणं असावं.

मग ती उठली. गाडीच्या दाराशी उभी राहिली, उजव्या हाताची बोटं पत्र्यावर टेकवली आणि हळूहळू चालवत वर नेऊ लागली, मागच्या खोलीतल्या भिंतीवर न्यायची तशी. दारावरून काचेवर, काचेवरून टपाच्या कडेवर. ही गाडी बुटकी असण्याचा काही उपयोग आहे हे मला तेव्हा कळलं. दोनदा, तीनदा. टपरीवाला कपबशा विसळता विसळता पाहत होता. तिला त्याचं काही नव्हतं.

"मायले दाखवाचं होतं म्हनून नाही निघाली मी," ती बोटांकडे पाहत म्हणाली. "मलेच पाह्याचं होतं जी. सरका तिकडं."

मी सरकलो.

साकोलीहून लाखांदूरच्या वाटेला लागलं की दोन्ही बाजूंनी कापलेल्या बांध्या. कुठे धानाचे भारे, कुठे त्यांचे पुंजणे रचलेले, मधेच एखाद्या तलावाची चकाकी. रस्त्यावर सांडलेलं तणस गाडीच्या पोटाला घासून सूं सूं आवाज करत होतं. मंडईला निघालेली माणसं कडेनं चालत होती. नवे कपडे, पोरांच्या हातात फुगे आधीच घेतलेले. लाल गाडी पाहून पोरं ओरडायची, आणि चालवणारी बाई पाहून त्यांच्या आया थांबायच्या. मंदा दोन्हींकडे लक्ष देत नव्हती. तिचं लक्ष खड्ड्यांकडे होतं. चढावर, वळणावर ती चाक थोडं थोडं फिरवायची, हात न ताणता, पुन्हा पुन्हा पकड बदलून. चाळणीतून पीठ पाडावं इतक्या हळू. मी इशाऱ्याच्या दांडीकडे एकदा मदतीचा हात नेला, तर तिनं नुसतं पाहिलं. मी हात पिशवीत घातला.

गावात शिरलो तेव्हा ऊन वर आलं होतं. माय ओट्यावर होती. उभी नव्हती, आता फार वेळ उभं राहवत नाही. गाडी थांबली, दार उघडलं, आणि मंदा त्या खोल सीटवरून डाव्या हाताच्या आधारानं वर आली. माय तिच्या तोंडाकडे पाहतच नव्हती. हाताकडे पाहत होती.

माझा थोरला साळा, रामदासभाऊ, रीतीप्रमाणे पाण्याचा लोटा घेऊन पुढे आला. दारात आलेल्या पाहुण्यानं पाय धुऊनच आत यायचं, आणि आधी जावयानं. मी तत्परतेनं चप्पल काढली.

"थांब रे," माय ओट्यावरून म्हणाली. "गाडी हाकलून आनली त्याले पानी पह्यले."

रामदासभाऊ गोंधळला. माय भिंतीला धरून उठली, खाली आली, त्याच्या हातातून लोटा घेतला आणि मंदासमोर धरला. अगदी पुढ्यात नाही. थोडा लांब, थोडा उंच. एक पाऊल पुढे येता आलं असतं मायला. आली नाही.

मंदाचा उजवा हात वर निघाला आणि त्या आडव्या काठीशी येऊन थांबला. अंगणातल्या बाया जवळ सरकल्या. मला वाटलं, आता ही ताणणार. गल्लीत थाळी धरली होती तशी. तिनं ताणलं नाही. कोपर तसंच वाकलेलं ठेवून ती स्वतः एक पाऊल मायकडे सरकली आणि लोटा धरला.

"दुखते?" मायनं विचारलं.

"दुखते व माय," मंदा म्हणाली. "साकोलीपासून लय दुखते."

मायचे खांदे एकदम सैल झाले. इतके महिने तिनं ते कुठे टांगून ठेवले होते कोण जाणे. "हं," ती म्हणाली. "आता पटलं मले."

तिनं लोट्याखाली आपला हात लावला, वजन आपल्याकडे घेतलं, आणि दोघींनी मिळून ते पाणी मंदाच्या पायांवर ओतलं. सगळं ओतलं. मग तशाच हात धरून त्या घरात गेल्या, बाया त्यांच्यामागे गेल्या, आणि रामदासभाऊ रिकामा लोटा उचलून त्यांच्यामागे गेला. अंगणात लाल गाडी उरली, मी उरलो, आणि माझे कोरडे पाय.